आड काही नाही

१९ सप्टेंबर

बसली! एकदाची काच बसली, आणि अशी बसली की फटीतून कागदसुद्धा सरकणार नाही. लेकीनं जाताना पेटीवर नुसती जाळी ठेवली होती. जाळीतून सगळा ओलावा पळून जायचा. सकाळी पाणी फवारावं, दुपारी माती पुन्हा कोरडीठाक. फोनवर रोज तेच — "बाबा, दमटपणा किती आहे? बाबा, पिल्लू आहे ते, हवा कोरडी राहिली तर पाठीवर टेंगळं येतात आणि ती जन्मात जात नाहीत." नोकरीसाठी लांब गेली, पण जीव सगळा या पेटीत. आईबाप कसे आहेत हे शेवटी, फोन ठेवता ठेवता. आधी कासव.

कासवाचं नाव घाई. तिनंच ठेवलं. मुठीएवढं पिल्लू, एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत जायला अख्खी सकाळ घालवतं, आणि नाव घाई!

काच दुकानातली. गेल्या वर्षी शोकेसची काच बदलून घेतली, उन्हानं चष्म्याच्या फ्रेमचे रंग उडायचे म्हणून. चांगली भारीतली. तिचा उरलेला तुकडा माळ्यावर पडून होता. आज त्याच्या कडा घासल्या, एका कोपऱ्यात गरम बल्बसाठी जागा मोकळी सोडली — बल्बच्या धगीनं काच तडकेल, एवढी अक्कल आहे मला! — आणि उन्हाचं काम करणारी ती लांब ट्यूब काचेवर ठेवून दिली. उजेड कसा लख्ख खाली पडतो! मध्ये काच आहे हे सांगावं लागतं. चष्मेवाल्याचं घर आहे म्हटलं.

नाना, म्हणजे आमचे वडील, गुडघे धरत येऊन वाकून बघून गेले. "मजा आहे बाईंची," म्हणाले. "आम्हाला नाही कुणी काचेचा महाल बांधला."

२१ सप्टेंबर

दमटपणा टिकला. काटा जागचा हलत नाही. लेकीला फोटो पाठवला तो काट्याचाच. तिनं अंगठा पाठवला. मी हुशार आहे.

१० ऑक्टोबर

दिवसभर मी दुकानात, ही शाळेत शिकवायला. मग घाईला सोबत नानांची. बल्बमुळे ती खोली उबदार राहते, त्यांच्या गुडघ्यांना तिथे बरं वाटतं. खुर्ची तिकडेच नेलीय. पेपर तिला वाचून दाखवतात! काल मी लवकर आलो तर आतून आवाज, "बघ, पुन्हा भाव वाढवले. तुला काय त्याचं, तू पानं खा."

एक भानगड मात्र आहे. नानांनी जन्मभर वीज कंपनीत मीटर वाचले. लोकांच्या घरची वीज मोजता मोजता स्वतःच्या घरात फुकट जळणारा दिवा त्यांना बघवेनासा झाला. खोलीतून बाहेर पडलं की हात आपोआप बटणाकडे. परवा माझ्या डोळ्यांदेखत बंद केला!

"नाना, अहो दिवा!"

"रिकाम्या खोलीत कशाला जाळायचा?"

"रिकामी कुठाय? घाई आहे."

हसले. लगेच पुन्हा लावला. तेव्हापासून खोलीतून निघताना स्वतःशी म्हणतात, "घाई आहे, घाई आहे," आणि हात खिशात घालून बाहेर येतात. शेजारच्या काकूंना वाटलं, म्हातारबुवांना खरंच कुठेतरी गाठायचंय. त्यांनी दार उघडून धरलं!

६ नोव्हेंबर

घाई खात नाही. चार दिवस झाले असतील, पाच असतील. आधी वाटलं, नखरे. पण आज नीट बघितलं. चालताना पोट जमिनीला घासतं, पुढचे पाय अंग उचलतच नाहीत. कोवळी पानं समोर धरली तर तोंड फिरवून बसली.

लेकीचा फोन आला तेव्हा पेटीजवळच होतो. म्हणाली, "बाबा, पाठ हळूच दाबून बघ." दाबली. बोटाखाली दबली! ओल्या पुठ्ठ्यासारखी. हात झटकन मागे घेतला.

"कडक आहे ना?"

"एकदम."

का म्हटलं असं? ती तिकडे एकटी, उगाच घोर नको, असं आता लिहितोय. खरं सांगायचं तर तिनं माझ्यावर सोपवलेलं माझ्या हातात बिघडलं, हे तिला कळायला नको होतं.

७ नोव्हेंबर

प्राण्यांच्या डॉक्टरबाईंकडे जाऊन आलो. बाईंनी घाईला तळहातावर घेतलं, उलटी केली, बोटानं कवच चाचपलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, "हिची हाडं पोसली जात नाहीत. यूव्ही मिळत नाहीये. उन्हातलं ते मिळालं नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. पिल्लू वाढतंय आणि कवच मागे पडतंय. अशी पिल्लं हातची जातात."

मग एकेक विचारत गेल्या. ट्यूब जुनी आहे का? नवीकोरी. किती उंचीवर? सांगितलं. ट्यूब आणि कासवाच्या मध्ये आड काही नाही ना?

"नाही," म्हटलं. काय असणार आड! वर ट्यूब, खाली घाई.

"मग दिवा बंद राहत असणार. घरी दिवसभर कोण असतं?"

आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. नाना! "वडील आहेत," म्हटलं, "वय झालंय. दिवे बंद करायची सवय आहे त्यांना. विसरतात." हे विसरतात मी का जोडलं कुणास ठाऊक. बोलण्याच्या ओघात आलं.

घरी येऊन बोललो. बोललो कसला, ओरडलो. नाना पेपरची घडी घालत होते.

"मी? मी नाही रे बंद केला."

"मग कुणी, कासवानं उठून केला?"

हे जरा जास्त झालं. पण चूक ती चूक. म्हटलं, "दिवसभर तुम्हीच असता तिथे. आठवा नीट." ते आठवत राहिले. घडी घातलेला पेपर उलगडला, पुन्हा घडी घातली. शेवटी म्हणाले, "केला असेन. आठवत नाही. केला असेन बाबा."

ही म्हणाली, एवढं तोडून बोलायला नको होतं. मी म्हटलं, पिल्लू मरायला टेकलंय.

८ नोव्हेंबर

नाना आज त्या खोलीत फिरकले नाहीत. खुर्ची उचलून परत बाहेर आणली. गुडघ्यांना शेकायची पिशवी घेऊन बसले.

लेकीला अखेर सांगितलं. नानांचंही सांगितलं. ती म्हणाली, "आजोबांना काही बोलू नकोस हं. मुद्दाम नसेल केलं त्यांनी." मी म्हटलं, छे, मी कशाला बोलतोय.

१३ नोव्हेंबर

दिव्याच्या बटणावर चिकटपट्टी! मला वाटलं, हिची कल्पना. तर म्हणाली, नानांची. हिच्याकडून मागून घेतली आणि स्वतः लावली, दोन आडव्या, एक उभी. बटण आता पकडीनंही हलायचं नाही. तरी संध्याकाळी मी दारात पाऊल टाकायचा अवकाश, "जरा बघून ये रे, आज बंद नव्हता ना?" मी आत जाऊन येतो. नव्हता, म्हणून सांगतो. मग त्यांचा चेहरा सैल पडतो.

ही म्हणाली, "अहो, हे लक्षण बरं नाही. सकाळी मलाही दोनदा विचारलं." मी हं म्हटलं.

घाई तशीच आहे. चिमट्यानं तोंड उघडून थेंब पाजतो, कोमट पाण्यात बसवतो. दिवा तर आता चालूच असतो! मग का नाही सुधारत?

२१ नोव्हेंबर

अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे.

दुपारी दुकानात एक बस चालवणारे गृहस्थ आले. उन्हात डोळे चुरचुरतात म्हणाले. मी माझा नेहमीचा खेळ मांडला. जांभळी टॉर्च घ्यायची, खास कार्डावर मारायची, कार्ड उजळतं. मग मध्ये काच धरायची. कार्ड विझतं! गिऱ्हाईक आ वासून बघतं. त्यावर माझं पाठ झालेलं भाषण. "दिसायला आरपार, पण यूव्हीचा थेंब पलीकडे जायचा नाही. काच आड आली की खेळ संपला."

आड आली.

जीभ माझीच, वाक्य माझंच, रोज दहा वेळा म्हणतो ते. आणि आज कुणीतरी तोंडात मारल्यासारखं ऐकू आलं. गृहस्थ विचारत होते, "काय झालं? पाणी देऊ का?" टॉर्च तशीच चालू होती आणि कार्ड काळं. त्यांना उद्या या म्हटलं, दुकानाचं शटर ओढलं आणि टॉर्च, कार्ड घेऊन घरी.

नाना बाहेर खुर्चीत डुलक्या घेत होते. कार्ड पेटीत ठेवलं. काचेवरून टॉर्च मारली. काळं. काच उचलून मारली. लख्ख! पुन्हा ठेवली. काळं. उगाचच करत राहिलो, जणू एखाद्या वेळी काचेलाच माझी दया येईल.

जन्म गेला काच विकण्यात. काच म्हणजे दिसणं, हेच डोक्यात घट्ट. आड येते ती भिंत. आड येतो तो पडदा. काच कशी आड येईल? म्हणून तर बाईंना छातीठोक सांगितलं, नाही! आणि ही साधीसुधी काच तरी होती का? शोकेसची! यूव्ही अडवते म्हणूनच निवडून आणलेली! फ्रेमचे रंग जपणारी काच मी लेकीच्या पिल्लाच्या डोक्यावर ठेवली, वर कडा घासून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्या घरात, ट्यूबच्या बरोबर खाली.

काच चादरीत गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकली. जाळी पुन्हा बसवली. नाना जागे झाले तेव्हा मी हात धूत होतो.

"आज लवकर?"

"डोकं दुखत होतं."

"दिवा —"

"चालू आहे नाना."

तेव्हाच सांगायचं होतं. समोर उभा होतो. हात ओले होते, तेवढंच काय ते कारण.

२२ नोव्हेंबर

पेटी पुन्हा लावली. माती खोल भरली, खालचा थर ओला, वरचा कोरडा. सावलीच्या कोपऱ्यात ओल्या शेवाळाचा डबा आडवा ठेवला, आत शिरून बसता येईल असा. जाळीच्या थंड बाजूवर ओलं फडकं. ट्यूबखालची जाळी मोकळी. काटा हवा तिथे आला! इतकं सोपं होतं. लेकीनं हेच सांगितलं होतं, पहिल्या आठवड्यात. मला तो पोरखेळ वाटला होता. ओलं फडकं काय, शेवाळ काय! काच कशी, चार लोकांना दाखवावीशी.

हिनं विचारलं, "काच काढलीत?"

"धुवायला."

"आणि पलंगावरची चादर?"

"तीपण."

बघत राहिली माझ्याकडे. मग कपाटातून दुसरी चादर काढून घातली.

नानांना आज सांगणारच होतो. मग म्हटलं, घाईला आधी खाऊ दे. ती खायला लागली की हसतखेळत सांगून टाकू.

२९ नोव्हेंबर

खाल्लं! पान ओढून घेतलं, पायानं दाबलं आणि तोडून खाल्लं! पुढचे दोन्ही पाय टेकून अंग उचललं. मी अक्षरशः नाचलो. हिला हाक मारली, नानांना हाक मारली. नाना दारापर्यंत आले, आत नाही. तिथूनच मान लांब करून बघितलं. त्यांचे डोळे भरले होते.

ही कौतुकानं म्हणाली, "बघा नाना, तुम्ही पट्टी लावलीत, दिवा चालू राहिला, आणि कशी सुधारली!"

नानांनी मान डोलावली. "म्हणजे मीच," म्हणाले. तक्रार नाही, रडगाणं नाही. मीटरचा आकडा वाचून दाखवावा तसं.

हसतखेळत सांगायचं होतं मला. सगळे हसत होते, खेळत होते. मी पानं धुवायला निघून गेलो.

१ डिसेंबर

नानांनी गॅस पेटवणं सोडलं. दुपारचा चहा म्हणजे त्यांचा सोहळा असायचा, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आता ही सकाळी थर्मासमध्ये भरून ठेवते, तो पितात. घराची किल्ली हिच्या हातात दिली. "माझ्याकडे नको. कुठे ठेवीन आणि म्हणेन ठेवलीच नाही." संध्याकाळचं फिरणंही बंद. रस्ता विसरलो तर? गावातल्या गल्ल्या त्यांच्याइतक्या कुणाला पाठ आहेत? कुणाच्या जिन्याखाली मीटर आहे, कुणाचा कुत्रा चावतो, सगळं अजून सांगतात. सांगायचे.

लाज वाटते. लिहायला काय जातं, लाज वाटते. पान काही उलटून विचारत नाही, मग गप्प का बसलास? विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. पिल्लाच्या जिवासाठी नाही, नानांच्या तब्येतीसाठी नाही. गावातला चष्मेवाला काचेवर फसला, हे कुणी म्हणू नये म्हणून! लेकीनं म्हणू नये म्हणून. एवढंच आहे. एवढंसंच आहे, आणि त्यासाठी बापाला वेडा ठरवलंय.

५ डिसेंबर

हिनं नानांसाठी डॉक्टर शोधले, स्मरणशक्तीचे. वेळही घेतली. मी म्हटलं, एवढी घाई कशाला? ही म्हणाली, "घाईचंच झालं ना एकदा, तेवढं पुरे."

नाना लगेच तयार झाले. नवा शर्ट कुठला घालू विचारलं.

८ डिसेंबर

आजचं लिहू नये असं वाटतंय. लिहितो.

डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. नानांना तीन शब्द सांगितले, लक्षात ठेवा म्हणाले. खुर्ची, सफरचंद, पूल. मग इकडचं तिकडचं विचारलं. वार कोणता, वर्ष कोणतं. नाना चटाचट सांगत होते, पण ओठ सारखे हलत होते. ते तीन शब्द घट्ट धरून ठेवले होते त्यांनी. मग डॉक्टर म्हणाले, आता सांगा बरं ते शब्द.

"खुर्ची," नाना म्हणाले. "सफरचंद." आणि अडले. घाम फुटला. माझ्याकडे बघितलं त्यांनी, पाढा अडलेल्या पोरानं बापाकडे बघावं तसं. पूल, नाना, पूल! मी जमिनीकडे बघत बसलो.

"या वयात इतपत चालायचंच," डॉक्टर म्हणाले. "पण घरी नेमकं काय घडलं? एखादा प्रसंग सांगा."

ही म्हणाली, "तुम्हीच सांगा. तुम्हालाच सगळं नीट माहीत आहे."

आणि मी सांगितलं! दिव्याचं सांगितलं. बंद करायचे, आठवायचं नाही, पिल्लू मरता मरता वाचलं. पहिलं वाक्य तोंडातून गेलं आणि मग परतीची वाटच राहिली नाही, पुढची वाक्यं आपोआप येत गेली. नाना शेजारी बसून मान डोलावत होते. मी जिथे अडखळलो तिथे त्यांनीच आधार दिला. "हो हो डॉक्टर, मीच. हा ओरडला तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. बरं झालं ओरडला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येताना गाडीत नाना म्हणाले, "तिसरा शब्द काय होता रे?" मी म्हटलं, माझ्याही लक्षात नाही.

११ डिसेंबर

जेवताना नाना म्हणाले, "रविवारी जातो मी." कुठे? तर त्यांच्याबरोबर मीटर वाचणारा त्यांचा एक दोस्त आहे, तो गावाबाहेर वृद्धांसाठीच्या घरात राहतो. त्याच्याशी फोनवर बोलून सगळं ठरवूनच बसलेत! खोली मिळतेय, बाग आहे, दिवे त्यांचे तेच लावतात आणि बंद करतात.

ही रडायला लागली. नानांनीच तिची समजूत काढली. "अगं, कासव होतं म्हणून निभावलं. उद्या गॅस तसाच राहिला तर? नात येणार सुट्टीत, झोपली असेल घरात, आणि मी बाहेर बसलेला, काही आठवत नाही! मला कोण माफ करेल? मीच करणार नाही."

मी म्हटलं, नाना, असं काही होणार नाही. ते म्हणाले, "तू चांगला आहेस म्हणून असं बोलतोस."

बॅग बाहेर काढलीय. पलंगावर उघडी पडलीय.

१४ डिसेंबर

सांगितलं!

दुकान उघडलंच नाही. ही शाळेत गेल्यावर डिकीतून काच आणली, तशीच चादरीत गुंडाळलेली, आणि नानांच्या पलंगावर बॅगेशेजारी ठेवली. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शोकेस, ट्यूब, टॉर्च, कार्ड. आवाज कुठला तरी भलताच येत होता. नानांनी शर्टाची घडी हातात धरून ऐकलं.

"म्हणजे दिवा मी बंद करत नव्हतो?"

"नाही नाना."

"एकदाही?"

"माझ्यासमोर एकदा केलात तेवढाच. त्यानंतर नाही."

शर्ट खाली पडला. त्या गुडघ्यांनी ते उठले, आणि किती झटक्यात! त्या खोलीत शिरले, बटणावरची पट्टी नखांनी ओढून काढली, पेटीपाशी वाकले. "ऐकलंस का गं? मी नव्हतो!" तिथून स्वयंपाकघरात. गॅस पेटवला. बंद केला. पुन्हा पेटवला. "बघ! बघ, बंद केलेला आठवतोय मला!" चहाचं आधण ठेवलं आणि मध्येच वळून ओरडले, "पूल! तिसरा शब्द पूल होता!"

मी ओट्याला टेकून रडत होतो आणि नाना हसत होते. डोळे पुसत हसत होते. "काच आड आली म्हणतोस? चष्मेवाला ना रे तू! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!" किती दिवसांनी माझी चेष्टा केली त्यांनी. मला वाटलं, धरणी आता दुभंगली तरी चालेल, मी हे ऐकलंय.

दोन कप भरले. एक मला दिला. चहा अर्धा झाला तेव्हा विचारलं, "तुला कळलं कधी हे?"

"मी दुकानातून लवकर आलो होतो, डोकं दुखतंय म्हणालो, तेव्हा."

"म्हणजे डॉक्टरांकडे जायच्या आधी."

"हो."

"त्यांच्यासमोर सांगत होतास, तेव्हा तुला ठाऊक होतं."

हा प्रश्न नव्हता. तरी मी हो म्हटलं. नानांनी उरलेला चहा संपवला, कप विसळला, गॅसभोवती पडलेला थेंब पुसला. "बरं," म्हणाले.

संध्याकाळी हिलाही सांगितलं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. लेकीला लांबलचक लिहून पाठवलं. आणि नाना? नाना फिरायला गेले! दिवे लागायच्या आत स्वतःचे स्वतः परत आले, आणि रात्रीचं जेवण दोन घास जास्त जेवले. सुटलो. लाज आहे, ती राहील, पण ते तरी सुटले.

१७ डिसेंबर

नाना गेले. बॅग त्यांनीच उचलली, मला हात लावू दिला नाही. मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, "नाना, आता कशाला? तुम्ही ठणठणीत आहात. तुम्ही काही विसरत नाही."

"तेच तर," म्हणाले. "तेव्हा विसरतो म्हणून जाणार होतो. आता विसरणार नाही म्हणून जातोय."